घरचे यंत्र

बारडोली हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर १९२८ चा सत्याग्रह उभा राहतो. सुरत जिल्ह्यातील या तालुक्याने वाढीव शेतसारा भरण्याचे नाकारले, जप्त्या सोसल्या आणि वल्लभभाई पटेलांना ‘सरदार’ हे नाव मिळवून दिले, ही हकीगत आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. १ मे १९६० पर्यंत बारडोली व महाराष्ट्र एकाच मुंबई राज्यात होते. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परक्या प्रांतातली कधी वाटली नाही. परंतु तेथील स्वराज आश्रमात आणखी एक काम चालत असे. ते पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. चरखा, पिंजण इत्यादी कताईचा सरंजाम तयार करणे, दुरुस्त करणे आणि त्यात सुधारणा करणे, हे ते काम होय. खादीच्या वाङ्मयात आपल्या चांदा भागातील सावली चरख्याप्रमाणे ‘बारडोली चरखा’ही नावाने ओळखला जातो.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय मात्र चरख्याहून फार वेगळा वाटावा असा आहे. घरातल्या टेबलावर बसणारा संगणक लोक स्वतः कसा जुळवू लागले, त्यात भर कशी घातली जाते आणि तो बिघडला म्हणजे दोष कसा शोधावा, याचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे. मग सुरुवात बारडोलीपासून कशासाठी? कारण यंत्र घरात येणे आणि यंत्र घरचे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हा भेद आपल्या देशात चरख्याच्या निमित्ताने फार स्पष्टपणे मांडला गेला.

चरख्याची रचना पाहा. एक मोठे चाक, एक चाती, त्या दोहोंना जोडणारी माळ आणि त्यांना धरून ठेवणारी लाकडी बैठक. सारे अंग उघडे. सूत वारंवार तुटू लागले तर कातणारी बाई प्रथम पेळूकडे पाही. पेळू नीट असेल तर माळ सैल झाली आहे काय ते पाही. माळही ठीक असेल तर चाती वाकली आहे काय ते तपासी. चातीला केसभर बाक आला तरी सूत थरथरते व तुटते, हे तिला ठाऊक असे. अशा रीतीने एकेक कारण बाजूला सारीत ती दोषापर्यंत पोचे. माळ तिला घरी वळता येई, चाती सरळ करता येई, आणि फार तर गावच्या सुताराकडे जावे लागे. यंत्राचे पोट पाहण्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नसे.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. परंतु रकमेपेक्षाही तिच्या अटी अधिक विचार करण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे व खेड्यातील झोपडीत हाताने अथवा पायाने चालवता यावे. स्त्रीला फार श्रम न पडता त्यावर आठ तास काम करता यावे. हिंदुस्थानात तयार होऊन त्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी. वेळच्या वेळी निगा राखली तर ते निदान वीस वर्षे चालावे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये. यंत्राने सूत किती काढावे याचीही अट होती; ती नेहमीच्या चरख्याच्या कितीतरी पट होती. आपल्या किर्लोस्करवाडीस गणेश भास्कर काळे यांनी रचलेले यंत्र परीक्षेपर्यंत पोचले; पण ते सर्व अटींना उतरले नाही. ते बक्षीस अखेरपर्यंत कोणासही मिळाले नाही.

बक्षीस कोणी जिंकले नाही, म्हणून अटी व्यर्थ ठरल्या असे नाही. एखादे यंत्र किती काम करते एवढाच प्रश्न कारखानदार विचारतो. या अटींनी त्याखेरीज आणखी तीन प्रश्न विचारले: सामान्य घराला ते परवडेल काय, ते किती वर्षे टिकेल, आणि बिघडले तर त्याची दुरुस्ती आवाक्यात राहील काय? हे तीन प्रश्न आपण हाती धरू आणि संगणकाकडे वळू.

आरंभी संगणक आणि घर यांचा काहीही संबंध नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभांच्या प्रोत्साहनाने आणि रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५० नंतरच्या दशकात एक गट संगणक बांधावयास बसला. त्यांनी प्रथम लहान प्रायोगिक यंत्र उभे केले व मग पूर्ण यंत्र हाती घेतले. ते १९६० साली कामास लागले, आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्याची स्मृती चाळीस द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने केवळ दहा किलोबाइट होती. आज साधारण घरगुती संगणकात आठ गिगाबाइट स्मृती असते. ती याच्या आठ लाख पटींहूनही अधिक भरते.

परंतु टिफ्रॅकची एक गोष्ट आजच्या यंत्रांनाही हेवा वाटावा अशी होती. ज्यांनी ते बांधले तेच त्याची देखभाल करीत. कोणती नलिका कोठे आहे व ती काय करते, हे त्यांना ठाऊक होते. यंत्र बांधणारा, चालवणारा व दुरुस्त करणारा अशी तिघांची फाळणी तेथे झाली नव्हती.

ती फाळणी पुढे झाली. मोठ्या कचेऱ्यांत व संस्थांत आलेली पुष्कळशी यंत्रे परदेशी कंपन्यांची होती आणि त्यांची दुरुस्तीही त्याच कंपन्या करीत. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी भागभांडवल कमी करण्याचा प्रश्न उभा राहिला. आयबीएम कंपनीने ते मान्य केले नाही आणि १९७८ साली ती भारतातून निघून गेली. कंपनी गेली, पण तिची यंत्रे येथेच होती. त्यांची निगा कोणी राखावी? सरकारने आधीच स्थापन केलेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या संस्थेने ते काम उचलले. संस्थेच्या नावातच ‘देखभाल’ हा शब्द आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. यंत्र बनवणारा निघून गेला तरी यंत्र चालते ठेवता येते, याचा धडा आपल्या तंत्रज्ञांनी तेथे घेतला.

दरम्यान अमेरिकेत वारे बदलले होते. १९७५ च्या जानेवारीत ‘आल्टेअर ८८००’ या यंत्राची जुळणी एका लोकप्रिय मासिकाने वाचकांपुढे ठेवली, आणि हौशी लोक सुटे भाग मागवून घरी झाळकाम करू लागले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या आत जादा पट्ट्या बसवण्यासाठी पाच खाचा होत्या, बहुतेक भाग बाजारात मिळणारे होते, आणि त्याच्या विद्युतमंडलांचे नकाशे कंपनीने तांत्रिक पुस्तिकेत छापले होते. दुसऱ्या कंपन्यांनी त्यास जुळणारी यंत्रे तयार केली, आणि तिसऱ्यांनी त्या यंत्रांत बसणारे सुटे भाग तयार केले. एका घराण्याची मालमत्ता असावी ती रचना जणू सर्वांची झाली. पुढे १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ हे माप ठरवून दिल्यावर पेटी, मुख्य फलक आणि वीजपुरवठ्याची पेटी ही कोणाचीही कोणाशी जुळू लागली. चरख्याची चाती जशी कोणत्याही गावच्या लोहाराकडून करून घेता येई, तशीच काहीशी ही सोय होती.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले व आयातीची बंधने सैल झाली. १९९७ साली माहिती तंत्रज्ञान करारात भारत सामील झाल्यावर जकातही टप्प्याटप्प्याने उतरत गेली. मुंबईत लॅमिंग्टन रोड रेडिओच्या सुट्या भागांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध होता; आता तेथे संगणकाचे भागही मांडले जाऊ लागले. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरात एस. पी. रोड यांची कीर्ती तशीच. नामांकित कंपनीचा तयार संगणक ज्यांना परवडत नसे अशा मध्यमवर्गीय कुटुंबांनी या बाजारांतून ‘असेंबल केलेला’ संगणक घरी आणला. महाराष्ट्रात असो की गुजरातेत, घराघरांतल्या पहिल्या संगणकांपैकी फार मोठा वाटा या जुळवलेल्या यंत्रांचा होता. बक्षिसाच्या अटींतील पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे परवडण्याचे, उत्तर येथे मिळाले.

संगणक जुळवणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांस ते फार गहन वाटते. वस्तुतः भाग मोजके आहेत. मुख्य फलक, ज्यास सगळे मदरबोर्ड म्हणतात, तो पेटीत स्क्रूंनी बसवावयाचा. त्यावरील चौकोनी घरात प्रोसेसर ठेवावयाचा. तो एकाच दिशेने बसतो. कोपऱ्यावरील खूण जुळवावी लागते आणि जोर मुळीच लावावयाचा नसतो. त्यावर उष्णता वाहून नेणारा लेप लावून पंखा चढवावयाचा. रॅमच्या पट्ट्या खाच पाहून दोन्ही बाजूंनी कटकन आवाज येईपर्यंत दाबावयाच्या. हार्ड डिस्क व वीजपुरवठा जोडला की यंत्राचा देह तयार झाला. कामास हात घालण्यापूर्वी वीज बंद करून धातूच्या पेटीस स्पर्श करावा. कारण आपल्या अंगावरील स्थिर विजेचा एक कण नाजूक भागाला मारू शकतो. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरच्या माणसाने कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्या आत घातक विजेचा साठा राहतो.

अशा रचनेचा खरा लाभ पुढे दिसतो. कारण जे जुळवले जाते ते वाढवताही येते. याचे एक उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. संगणक आला तेव्हा तो इंग्रजी घेऊन आला. त्याला देवनागरी येत नव्हती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे संशोधन पुढे पुण्यातील सी-डॅक या संस्थेत आले, आणि तेथून ‘जिस्ट’ नावाचे कार्ड लोकांच्या हाती पडले. संगणकाची पेटी उघडावी, रिकाम्या खाचेत ते कार्ड बसवावे, आणि तेच यंत्र मराठी, गुजराती किंवा तमिळ अक्षरे दाखवू लागे. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणही मान्य झाले. यंत्र बंद पेटीसारखे असते तर आपली लिपी आत शिरण्यासाठी परदेशी कारखानदाराच्या मर्जीची वाट पाहावी लागली असती. खाच मोकळी होती, म्हणून मराठी आत जाऊ शकली.

आज कार्डाची गरज उरली नाही, परंतु भर घालण्याची रीत तीच आहे. जुना संगणक मंद झाला की बहुधा दोनच गोष्टी कराव्या लागतात. रॅम कमी असेल तर मुख्य फलकास चालेल त्याच जातीची आणखी एक पट्टी घालावयाची. डीडीआर-३ च्या घरात डीडीआर-४ ची पट्टी बसत नाही, म्हणून खरेदीपूर्वी जात पाहणे आवश्यक आहे. फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावयाची. या दुसऱ्या बदलाने दहा वर्षांचे यंत्रही तरतरीत होते, कारण आता माहिती शोधण्यासाठी तबकडी फिरण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता बिघाडाकडे येऊ. संगणक सुरू होईना की माणसे घाबरतात आणि यंत्र गेले असे म्हणतात. परंतु येथेही कातणाऱ्या बाईचीच रीत उपयोगी पडते. एका वेळी एकच कारण तपासावे, आणि सोप्यापासून अवघडाकडे जावे. दिवा लागतो काय, पंखा फिरतो काय? काहीच होत नसेल तर आधी भिंतीतील खटका व वायर पाहावी, मग वीजपुरवठा. पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही, आणि पुनःपुन्हा बीप असा आवाज होतो, तर रॅमवर संशय घ्यावा; वीज तोडून पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने पुसून परत बसवाव्यात. हा उपाय आपल्याकडच्या दमट व धुळीच्या हवेत कितीदा तरी लागू पडतो. रोज सकाळी घड्याळ व तारीख चुकीची दिसत असेल तर मुख्य फलकावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली आहे असे समजावे. काम करताकरता यंत्र आपोआप बंद पडत असेल तर बहुधा पंख्यात धूळ साचली आहे अथवा लेप वाळला आहे. हार्ड डिस्क टकटक आवाज करीत असेल तर दुसरे काहीही करण्यापूर्वी तिच्यातील मजकुराची नक्कल काढावी. भाग बाजारात मिळतो. घरच्या मुलांची छायाचित्रे आणि आजीचे ध्वनिमुद्रित शब्द बाजारात मिळत नाहीत.

मी शिक्षक आहे, म्हणून या रीतीचे मला विशेष महत्त्व वाटते. विद्यार्थ्याला विज्ञानाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा एखादे बंद पडलेले यंत्र त्याच्यापुढे ठेवावे. अनुमान करणे, एक बदल करून पाहणे, निकाल टिपणे, चुकलेले अनुमान सोडून देणे, हे सारे तो तेथे शिकतो. दोष सापडला की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते गुणपत्रिकेने येत नाही.

मात्र चरखा आणि संगणक यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणणे बरोबर होणार नाही. चाती लोहार करू शकतो. प्रोसेसर जगातील मोजक्या कारखान्यांतच होतो. आपण त्याची अदलाबदल करू शकतो, त्याची दुरुस्ती करू शकत नाही. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत कित्येक मुख्य फलकांवरील सदोष कपॅसिटर फुगून फुटले, तेव्हा झाळकाम जाणणाऱ्या कारागिरांनी ते बदलून पुष्कळ यंत्रे वाचवली. परंतु भाग जसजसे सूक्ष्म होत गेले तसतसा हाताचा उपाय कमी पडू लागला. हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि सारेच अपरिहार्य आहे असेही नाही. पातळ व हलक्या यंत्रांच्या हौसेपोटी कित्येक कंपन्या आता रॅम फलकावरच कायमची झाळतात, बॅटरी चिकटवून टाकतात. अशा यंत्रात खरेदीच्या दिवशी जेवढी स्मृती असेल तेवढीच अखेरपर्यंत राहते. शिवाय यंत्र धडधाकट असूनही ते निरुपयोगी ठरू शकते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला; नव्या प्रणालीच्या अटी जुन्या प्रोसेसरना पुरवता येत नाहीत, म्हणून असंख्य चालते संगणक एका दिवसात जुने ठरले. त्यांत लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालून त्यांचे आयुष्य वाढवता येते, पण ते करावयास यंत्राची ओळख लागते. ज्याला ती नाही तो चांगले यंत्र भंगारात देतो, आणि त्यातील शिसे व अन्य विषारी द्रव्ये कोणाच्या तरी जमिनीत व पाण्यात उतरतात.

आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले. वस्तू दुरुस्त करण्याची माहिती व सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हा त्यामागील हेतू आहे. हक्क हा शब्द येथे योग्यच आहे. परंतु हक्क वापरणारा नसेल तर तो कागदावरच राहतो. शेतसारा कसा ठरतो हे बारडोलीच्या शेतकऱ्याने समजून घेतले, म्हणून तो अन्यायकारक आहे असे त्याला ठामपणे म्हणता आले. यंत्राच्या बाबतीतही समज आधी आणि मागणी मागून अशीच वाट आहे.

म्हणून घरी नवे यंत्र घेण्याची वेळ आली की किती वेगवान, किती पातळ एवढेच दुकानदाराला विचारू नये. पेटी उघडता येते काय, रॅम वाढवता येते काय, सुटा भाग पाच वर्षांनी मिळेल काय, हेही विचारावे. १९२९ च्या त्या स्पर्धेतील वीस वर्षांची अट आजचा संगणक कदाचित पुरी करणार नाही. परंतु दहा वर्षे तो चालावा, आणि त्या दहा वर्षांत घरातील एखाद्या मुलाने अथवा मुलीने पेचकस हाती घेऊन त्याचे अंतरंग निदान एकदा पाहावे, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. जे यंत्र आपण उघडू शकतो, समजू शकतो आणि सुधारू शकतो, तेच घरचे म्हणावयाचे. बाकीची यंत्रे, पैसे भरूनही, आपल्याकडे पाहुणी म्हणूनच राहतात.